निजलेल्या माकडांचे बच्छाव डॉक्टर

माकडांना भूल देण्यासाठी जनावरांचा डॉक्टर हवा होता, म्हणून देशमुख मॅडमनी मुलाखती घेतल्या. पहिले दोघे छाती काढून म्हणाले, आपण कशालाच घाबरत नाही. त्यांना चहा पाजून मॅडमनी वाटेला लावलं. तिसरे बच्छाव डॉक्टर. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, हातातल्या रुमालाचा पार बोळा झाला होता. मॅडमनी विचारलं, "माकडांबरोबर काम केलंय कधी?"

"केलंय. म्हणून तर फार भीती वाटते, मॅडम."

"कसली?"

"दोन गोष्टींची. ते मला चावेल याची, आणि माझ्या हातून ते मरेल याची."

मॅडमनी त्यांना दुसऱ्या दिवसापासूनच यायला सांगितलं.

नाशिकला गंगापूर रोडवरच्या देशमुख मॅडमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी तंत्रज्ञ होते. डोळ्याच्या आतले फोटो काढायचं माझं काम. दोन हजार सालाच्या पुढेमागे आमच्याकडे डोळ्याच्या तळाची अगदी बारीक मापं घेणारं नवं यंत्र आलं आणि मॅडमनी काचबिंदूचं संशोधन मनावर घेतलं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी मुख्य नस सुकत जाते, आणि माणसाला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. माकडाची ही नस आपल्यासारखीच असते. पण ती बिघडली हे ओळखायचं तर आधी चांगली केवढी असते, तिच्या मधला खळगा किती, भोवतालचा थर किती जाड, हे माहीत हवं. आपल्याकडच्या माकडांची अशी मापं आम्हाला कुठे सापडली नाहीत. मग मॅडम म्हणाल्या, आपणच घेऊ.

माकडं दिंडोरीकडून यायची. द्राक्षाच्या बागांत धुडगूस घालणाऱ्या लाल तोंडाच्या टोळ्या वनखात्याची माणसं पकडायची. जंगलात सोडण्याआधी काही दिवस ती आमच्या मागच्या आवारात पिंजऱ्यांत राहायची, तपासणी व्हायची, डोळ्यांचे फोटो निघायचे आणि मग ती पेठच्या बाजूच्या डोंगरात जायची. सगळं रीतसर परवानगीनं. अट एकच होती, आणि ती मॅडमनी स्वतःच स्वतःला घालून घेतली होती. एकही माकड दगावता कामा नये.

ही अट ऐकल्यापासून बच्छाव डॉक्टरांची झोप उडाली ती उडालीच.

मुळात हा माणूस भित्रा होता. उगीच सारवासारव कशाला करू? रस्ता ओलांडताना ते माझ्या आडोशानं चालायचे. लिफ्टमध्ये एकटे जायचे नाहीत. पाल दिसली की खोली तिच्या ताब्यात देऊन बाहेर यायचे. एकदा दिंडोरीच्या एका बागेत पिंजरा लावलेला बघायला आम्ही गेलो होतो. टोळीचा मोठा नर मांडवावरून खाली उतरला आणि दात विचकून आमच्याकडे चालत आला. कुणाला काही कळायच्या आत बच्छाव डॉक्टर जीपमध्ये होते. काचा वर. मी, मॅडम, बागेचे मालक, सगळे बाहेर. मी काचेवर थापा मारत होते आणि ते आतून हात जोडत होते. मग एकदम भानावर आल्यासारखं त्यांनी दार उघडलं आणि मला दंडाला धरून आत ओढलं. माझी ओढणी दारात अडकून फाटली. बागेचे मालक मात्र जागचे हलले नव्हते. ते म्हणाले, "डॉक्टर, त्यो तुमाला नाय भ्याला अन् तुमी त्याला एवढे भेले? लय अवघड हाय."

"मी भ्यालो म्हणूनच आत आलो," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "तुम्हीही या."

मी परतीच्या वाटेवर त्यांना टोमणे मारून मारून बेजार केलं. नाशिक आल्यावर उतरताना ते म्हणाले, "ताई, भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खरंय. पण आपल्यापाठी राक्षस खरोखरच आहे." वयानं ते माझ्याहून बरेच मोठे, पण मला ताईच म्हणायचे.

हा राक्षस काय ते त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. या माकडांच्या लाळेत हर्पीसच्या जातीचा एक विषाणू असू शकतो. माकडाला त्याचा त्रास नाही. एखादा फोड येतो आणि जातो. पण चावा, ओरखडा किंवा डोळ्यात उडालेला थेंब यांतून तो माणसात शिरला तर मेंदूपर्यंत जातो, आणि मग फार थोडी माणसं वाचतात. क्वचित होतं, पण होतं. म्हणून हातमोजे, मास्क आणि प्लॅस्टिकचा जाड चष्मा लावल्याशिवाय खोलीत पाऊल टाकायचं नाही. काही झालंच तर घड्याळ लावून पाव तास पाण्याखाली धुवायचं आणि लगेच सगळ्यांना सांगायचं. "लाजायचं नाही. शूरपणा तर अजिबात नाही," हे ते बजावायचे. पिंजरे बघणारा आमचा हिरामण सुरुवातीला हसला होता. दिंडोरीकडचाच तो, माकडं बघत मोठा झालेला. डॉक्टरांनी त्याला बाजूला नेऊन काय सांगितलं कोण जाणे, पण त्या दिवसापासून तो अंघोळीलाही चष्मा लावतो की काय असं आम्हाला वाटायला लागलं.

आता फोटो कसा निघायचा ते सांगते. माकडाला इंजेक्शन दिलं की ते निजायचं. निजायचं म्हणजे अंग सैल पडायचं, डोळे मात्र टक्क उघडे. त्या भुलीत डोळे मिटतच नाहीत. आमच्या दृष्टीनं सोयीचं, पण पहिल्यांदा बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा, कारण जिवंत आहे की गेलंय हे तोंडाकडे बघून सांगता येत नाही. मग त्याला टॉवेलात गुंडाळून यंत्रापुढे आणायचं. यंत्राची हनुवटीची पट्टी माणसाच्या मापाची, म्हणून कुणीतरी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून बसायचं, केसभरही न हलवता. हे काम बच्छाव डॉक्टरांचं. हिरामण डोळ्यात पाण्याचे थेंब सोडत राहायचा, नाहीतर बुबुळ कोरडं पडून फोटो धुरकट यायचा. खोलीत अंधार केलेला असायचा. पडद्यावर हळूहळू ती नस उमटायची, फिकट गुलाबी, गोल, मधे उजळ खळगा, आणि बारीक रक्तवाहिन्या तिच्यातून बाहेर पडलेल्या. मला ती दर वेळी सुंदर वाटायची. मी डॉक्टरांना म्हणायचे, "सर, बघा तरी एकदा." ते कधी बघायचे नाहीत. त्यांची नजर माकडाच्या छातीवर.

"तुम्ही डोळे बघा, ताई. मी श्वास बघतो. डोळ्यांवर माझा भरवसा नाही."

आणि त्यांचं बोलणं चालू असायचं. पुटपुटणंच ते. डॉक्टर सटाण्याकडचे. एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलत, पण भ्याले की आईची अहिराणी तोंडात यायची. "श्वास ले वं माय, श्वास ले. मी आठेच शे." मी इथेच आहे. नर असो की मादी, म्हातारं असो की पिल्लू, सगळ्यांना माय. फोटो झाले तरी यांची सुटका नाही. माकड उठून बसून हातात द्राक्ष धरेपर्यंत ते पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसायचे आणि तोवर पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. एक म्हातारा नर दुपारभर उठला नव्हता. त्या दिवशी त्यांचा चेहरा असा उतरला की मॅडमनी त्यांचंच ब्लडप्रेशर घेतलं. नर अखेर उठला, शिंकला आणि डॉक्टरांच्या हातातलं द्राक्ष हिसकावून पाठ फिरवून बसला. डॉक्टर भिंतीला टेकले. "नॉर्मल," ते म्हणाले. "एकदम नॉर्मल." मग त्यांनी डबा उघडला.

आमच्याकडे हा शब्द उठता बसता वापरला जायचा. मॅडम म्हणायच्या, शंभर आजार ओळखता येतात, निरोगी म्हणजे काय ते सांगणं कठीण. यावर डॉक्टर एकदा म्हणाले होते, "मॅडम, नॉर्मल माकडं शोधतोय खरं, पण शोधणाऱ्यांत नॉर्मल माणूस एकही नाही." सगळ्यात जोरात मीच हसले होते.

मग तो दिवस आला. उन्हाळा होता. एक तरुण मादी होती, अंगानं बारीक. तिला भूल देताना डॉक्टर आधीपासूनच बेचैन होते. त्यांचा स्वतःचा नंबरचा चष्मा, त्यावर तो प्लॅस्टिकचा. मास्कमधून वर आलेल्या वाफेनं दोन्ही धुरकटले. फोटो निम्मे झाले होते. त्यांचं पुटपुटणं एकाएकी थांबलं, म्हणून मी पडद्यावरून नजर काढली. ते वाकून तिच्या छातीकडे बघत होते, आणि त्यांना काही दिसत नव्हतं.

"हिरामण, श्वास चालू आहे का?"

"दिसत नाय, डॉक्टर. अंधार हाय ना."

पुढचं सगळं एका क्षणात झालं. डॉक्टरांनी एका हातानं तिचं डोकं तसंच धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं दोन्ही चष्मे वर कपाळावर सारले. आम्हाला रोज ओरडून जो नियम शिकवला तो त्यांनी स्वतः मोडला, कारण त्या क्षणी त्यांच्या दोन भीतींपैकी दुसरी मोठी झाली होती. तोंड खाली नेऊन ते बघायला लागले आणि मादीला ठसका लागला. साधा ठसका. लाळेचा शिंतोडा त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "श्वास आहे. हिरामण, हिला धर." मग ते नळाकडे गेले. मी घड्याळ धरून शेजारी उभी राहिले. त्यांचा डोळा मी उघडा धरला होता आणि पाणी त्यावरून वाहत होतं. पाव तास एवढा लांब असतो हे मला तेव्हा कळलं. मधेच ते म्हणाले, "मादी उठली का बघा," आणि मला रडू फुटलं.

मॅडमनी मुंबईच्या तज्ज्ञांना फोन लावला, औषधं तासाभरात सुरू झाली. तज्ज्ञ म्हणाले, महिनाभर वाट बघावी लागेल. ताप, डोकेदुखी, डोळ्याजवळ फोड, हातापायांना मुंग्या, यांतलं काही झालं तर लगेच भरती करा. मादीच्या रक्ताची तपासणी करून बघू, असंही ते म्हणाले. त्यासाठी तिला पुन्हा भूल द्यावी लागणार होती. डॉक्टरांनी साफ नकार दिला. "लागोपाठ दोनदा नको. ती बारीक आहे. आणि निकाल काहीही आला तरी मी गोळ्याच खाणार ना?" मॅडम चिडल्या, मीही चिडले. ते बधले नाहीत. ठरल्या दिवशी ती मादी बाकीच्यांबरोबर डोंगरात गेली.

डॉक्टर मात्र घरी गेले नाहीत. माणसापासून माणसाला हा आजार सहसा होत नाही असं मॅडमनी दहादा समजावलं. पण त्यांची मुलगी लहान होती, आणि सहसा हा शब्द त्यांना पुरेना. पिंजऱ्यांमागच्या औषधांच्या खोलीत त्यांनी खाट टाकली. त्यांच्या बायको देवळाली कॅम्पच्या शाळेत शिकवायच्या. शाळा सुटली की बसनं डबा घेऊन यायच्या आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसायच्या. मोठ्या हसतमुख बाई. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "हा माणूस अंतरपाट बाजूला झाल्यावर घाबरून माझ्याऐवजी भटजींना हार घालत होता. तुम्ही नका काळजी करू." आठवड्यानं त्याच बाई मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "ताई, यांना घाबरताना मी रोज बघत आले. आता काहीच बोलत नाहीत हो. शांत बसून असतात. मला हे बघवत नाही." मी त्यांना काय धीर देणार? रोज सकाळी आवाराचं फाटक उघडण्याआधी मीच कान देऊन उभी राहायचे, की आज आतून काय ऐकायला मिळेल.

रोज सकाळी त्यांचा डोळा तपासायचं मॅडमनी माझ्याकडे दिलं होतं. पहिल्या सकाळी ते यंत्रापुढे बसले. माकडांसाठी कधी कामाला न आलेली ती हनुवटीची पट्टी त्यांना बरोबर बसली. मी पडद्यावर डोळा आणला, आणि चित्र ठरेना. नस यायची, थरथरायची, निसटायची. मला वाटलं यंत्रात दोष आहे. मग लक्षात आलं, त्यांची हनुवटी थडथड उडत होती. बायकोसमोर, मॅडमसमोर शांत बसणारा माणूस इथं अंधारात आला आणि त्याला आवरेना.

"सर, जरा स्थिर."

"होत नाही, ताई."

हिरामण कोपऱ्यात उभा होता. तो पुढे आला आणि त्यानं दोन्ही हातांनी डॉक्टरांचं डोकं धरलं, ते माकडांचं धरायचे अगदी तसं. "श्वास घ्या, डॉक्टर," तो म्हणाला. "मी हाय इथं." डॉक्टरांनी मोठा श्वास घेतला. चित्र थांबलं. त्यांची नस मी पहिल्यांदा पाहिली. फिकट गुलाबी, कडा स्वच्छ, कुठे सूज नाही. एवढ्या घाबरलेल्या माणसाच्या डोळ्याचा तळ इतका निवांत कसा असू शकतो, असं मला वाटून गेलं.

"नॉर्मल ना?"

"नॉर्मल, सर."

"नीट बघा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

महिनाभर हाच प्रश्न आणि हेच उत्तर. एका सकाळी ते म्हणाले, डोकं दुखतंय. तो अख्खा दिवस आम्ही तिघं त्यांच्या दाराबाहेर बसून होतो. मॅडमनी भरतीची तयारी केली, बायको शाळा सोडून आल्या. संध्याकाळी त्यांना शिंका सुरू झाल्या आणि साधं पडसं निघालं. हिरामणनं काळारामाला नारळ फोडला. मी देव मानत नाही, पण खोबरं खाल्लं. अखेर मुदत सरली. मुंबईचे तज्ज्ञ फोनवर म्हणाले, आता हरकत नाही. मॅडमनी पेढे मागवले. बाईंनी सगळ्यांसमोर नवऱ्याचा हात धरला आणि सोडलाच नाही.

हे बच्छाव डॉक्टर आज सटाण्याला आहेत, गाई-म्हशींचे डॉक्टर, आणि धडधाकट आहेत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुमचाही जीव टांगणीला लागेल. आमचं मापांचं काम त्या पावसाळ्याआधी संपलं, ते गावी गेले, आणि पुन्हा आमची भेट झाली नाही. मी त्यांना शेवटचं कामावर पाहिलं ते अखेरच्या माकडाच्या वेळी.

मॅडमनी तोवर दोन नव्या वस्तू आणल्या होत्या. डॉक्टरांसाठी अख्खा चेहरा झाकणारी काच, आणि नाडीबरोबर वाजत राहणारं एक लहान यंत्र. त्याची चिमटी माकडाच्या जिभेला लावायची. आवाज चालू म्हणजे जीव चालू. आता वाकून बघायची गरज नाही, असं मॅडमनी त्यांना बजावलं. डॉक्टरांनी मान हलवली. तो आवाज त्यांना आवडला होता. खोलीत सारखी टिक टिक चालू होती, मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचे खांदे जरा खाली आले होते.

मी फोटो जुळवत होते. नस पडद्यावर आली. आणि टिक टिक थांबली.

एकदम थांबली. पडदा माझ्यासमोर जसाच्या तसा उजळ होता, म्हणून वीज गेली असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझं यंत्र बॅटरीवर होतं आणि ते छोटं यंत्र सरळ भिंतीच्या बोर्डावर, हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की माकड गेलं. समोर अंधारात काहीतरी खडखडून जमिनीवर पडलं. ती तोंडावरची काच होती.

मग थेंबांची नवी बाटली आणायला गेलेला हिरामण दारातून ओरडला, "लाइट गेली! भारनियमन! थांबा, कागद काढतो." खिडकीवरचा काळा कागद त्यानं ओढला आणि दुपारचं ऊन आत आलं.

बच्छाव डॉक्टरांनी माकडाचं डोकं दोन्ही हातांत तसंच, केसभर न हलवता धरलं होतं, आणि आपला उघडा गाल त्याच्या नाकातोंडाला टेकवला होता. डोळे घट्ट मिटलेले. गुडघे एवढे कापत होते की स्टूल फरशीवर वाजत होतं. वीज गेलीय, माकडाला काही झालेलं नाही, हे आता त्यांनाही ऐकू आलं होतं. तरी त्यांनी गाल काढला नाही.

"सर, बाजूला व्हा," मी म्हणाले. "सर, लाइट गेलीय फक्त."

"माहीत आहे," ते म्हणाले. "यंत्र बंद आहे ना अजून? मग श्वास कोण बघणार? तुम्ही फोटो घ्या, ताई. लवकर घ्या, मला फार भीती वाटतेय."